गॅरेजसाठी एसी निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरालगतच्या एक किंवा दोन गाड्यांच्या गॅरेजला एसी बसवण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींच्या गॅरेजमध्ये गाडीसोबत सुतारकाम चालतं, काहींनी तिथे व्यायामाची जागा केली आहे, काहींना फक्त बॉनेट उघडून तासभर काम करताना जीव नकोसा होऊ नये एवढंच हवं आहे. उत्तरं क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे दुसरं उत्तर लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. घरात एक जुना एसी पडून आहे. तोच गॅरेजमध्ये लावला तर चालणार नाही का? गॅरेज म्हणजे एक खोलीच ना?

यंत्र तेच असतं, पण जागा वेगळी असते. घरातल्या खोलीला दोन-तीन बाजूंनी दुसऱ्या खोल्यांचा आडोसा असतो. गॅरेजचं दार म्हणजे बहुधा एक भिंतभर पातळ पत्रा, खाली फट, वर ऊन आणि आत तापून आलेली गाडी. त्यामुळे बेडरूम झकास गार करणारा एक टनाचा एसी त्याच मापाच्या गॅरेजमध्ये दिवसभर चालूनही ३२-३३ अंशांखाली उतरत नाही, आणि लोक समजतात की गॅस कमी झाला. आधी प्रश्न ३ मधला हिशोब करा. आकडा जुळला तर जुना एसी खुशाल लावा.

२. आधी इन्सुलेशन करू की आधी एसी घेऊ?

आधी गॅरेज, मग एसी. एसी घेतल्यावर इन्सुलेशन केलं तर एसी गरजेपेक्षा मोठा ठरतो. केलंच नाही तर कितीही मोठा घेतला तरी पुरत नाही.

थोडं मोजून पाहू. भर उन्हात पत्र्याचं दार ५५-६० अंशांपर्यंत तापतं, आणि आत २७ अंश राखायचे असतील तर दर चौरस मीटरमागे साधारण १५० वॉट उष्णता आत येते. दोन गाड्यांचं १६ बाय ७ फुटांचं दार सुमारे साडेदहा चौरस मीटरचं असतं. म्हणजे दीड किलोवॉट, जवळजवळ अर्धा टन, एकटं दारच खातं. त्याच दाराला आतून २५ मिलिमीटरचे एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन) फोमचे बोर्ड नीट बसवले तर हा आकडा तीन-साडेतीनशे वॉटवर येतो.

छत उघड्या पत्र्याचं असेल तर गोष्ट आणखी बिकट आहे. ४०० चौरस फुटांच्या पत्र्यातून दुपारी साडेपाच ते सात किलोवॉट, म्हणजे दीड ते दोन टन, उष्णता खाली येऊ शकते. अशा छताखाली एसी लावण्याआधी पत्र्याखाली ५० मिलिमीटरचं इन्सुलेशन आणि त्याखाली फॉल्स सीलिंग करा. वरून पांढरा उष्णतारोधक रंग दिल्याने बराच फरक पडतो, पण तो धुळीने मळला की उपयोग घटतो.

तिसरी गोष्ट फटी. १६ फुटी दाराखाली एक सेंटिमीटर फट राहिली, तर सगळी मिळून २२ बाय २२ सेंटिमीटरच्या भोकाएवढी होते. एवढं भोक भिंतीत दिसलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी बुजवलं असतं. दाराच्या तळाला नवी रबरी पट्टी लावा. जमीन सपाट नसेल तर जमिनीवर चिकटणारा रबरी उंबरठाही लावा. दोन्ही बाजूंना आणि वर ब्रशची किंवा रबराची पट्टी हवी. दिवे बंद करून दुपारी आत उभे राहा. जिथून उजेड येतो तिथून गरम हवाही येते.

दोन सावधगिरी. फोमचे बोर्ड उघडे ठेवू नका, ते पेट घेतात आणि दाट विषारी धूर करतात. भिंतीला आणि छताला लावलेले बोर्ड जिप्सम बोर्डने झाका, आणि दारासाठी फॉइलचा थर असलेले, आगीच्या चाचणीत उतरलेले बोर्ड वापरा. दुसरं, वर सरकणाऱ्या दाराचं वजन वाढलं की त्याच्या स्प्रिंगचा ताण पुन्हा जुळवावा लागतो. ती स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकतो, म्हणून हे काम दारवाल्याकडूनच करून घ्या.

३. माझ्या गॅरेजला किती टनाचा एसी लागेल?

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचं एकक), अर्थात साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. मूळ आकडा जमिनीच्या क्षेत्रफळावरून धरा. भिंती-छत इन्सुलेट केलेलं किंवा वर राहती खोली असलेलं गॅरेज असेल तर दर चौरस फुटाला २० ते २५ बीटीयू. विटांच्या भिंती, वर उघडा स्लॅब, पण फटी बुजवलेल्या असतील तर ३० ते ३५. छत उघड्या पत्र्याचं असेल तर हिशोब करू नका, आधी प्रश्न २ मधलं काम करा.

मग भर घालत जा. छताची उंची ८ फुटांपेक्षा जास्त असेल तर प्रत्येक जादा फुटाला मूळ आकड्याच्या १० टक्के. ऊन लागणारं, इन्सुलेशन नसलेलं मोठं दार असेल तर ५,०००. इन्सुलेट केलेलं असेल तर १,०००-१,२००. अंगमेहनतीचं काम करणाऱ्या प्रत्येक माणसामागे सुमारे १,०००. यंत्रं, दिवे, फ्रीझर यांच्या प्रत्येक वॉटमागे ३.४ बीटीयू, पण फक्त ती जेवढा वेळ चालतात त्या प्रमाणात.

उदाहरण घ्या. २० बाय २० फूट, उंची ९ फूट, विटांच्या भिंती, स्लॅब, पश्चिमेला पत्र्याचं दार, दोन माणसं आणि एक किलोवॉटची यंत्रं अर्धा वेळ चालू. ४०० × ३० = १२,०००. उंचीचे १,२००. दाराचे ५,०००. माणसांचे २,०००. यंत्रांचे १,७००. एकूण २१,९००, म्हणजे दोन टन. आता फक्त दार इन्सुलेट करा: बेरीज १८,१०० वर येते आणि दीड टनात काम भागतं. एका रविवारच्या कामाने अर्धा टन वाचतो, आणि तो दरवर्षी वाचत राहतो.

गाडी तापलेली आत येत असेल तर तिची उष्णता या बेरजेत धरू नका. तिच्यासाठी प्रश्न ४ पाहा. बाहेरचं तापमान वारंवार ४० च्या पुढे जात असेल तर प्रश्न १६ पाहून मगच आकडा पक्का करा.

४. संध्याकाळी गाडी आत घेतली की दोन तास गॅरेज गारच होत नाही. एसी लहान पडतोय का?

बहुतेक वेळा नाही. तेरा-चौदाशे किलोची गाडी उन्हात राहून गॅरेजपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर तिच्या लोखंडात साडेतीन युनिटच्या आसपास उष्णता साठलेली असते. नुकतंच चाललेलं इंजिन वर आणखी एक-दीड युनिट देतं. एक टनाच्या एसीला एवढी उष्णता काढायला तासाहून जास्त वेळ पूर्ण ताकदीने चालावं लागतं, आणि तेही बाकी काही नसताना.

त्यासाठी मोठा एसी घेणं म्हणजे उरलेले बावीस तास चुकीचं यंत्र वापरणं. गाडी अर्धा-पाऊण तास बाहेर सावलीत उभी करा. ते शक्य नसेल तर दार अर्धं वर ठेवून एक्झॉस्ट फॅन चालवा, बॉनेटवर हात टेकवता येऊ लागला की दार बंद करून एसी लावा.

५. थोडा मोठाच घेतला तर बिघडलं काय? लवकर गार होईल.

हवा लवकर गार होईल, कोरडी होणार नाही. हवेतला ओलावा काढायला आतल्या कॉइलवरून हवा सलग बराच वेळ फिरावी लागते. मोठा एसी सात-आठ मिनिटांत ठरलेलं तापमान गाठून कॉम्प्रेसर बंद करतो, कॉइलवरचं पाणी ड्रेनमध्ये जाण्याआधीच पुन्हा हवेत मिसळतं. गॅरेज गार आणि दमट राहतं, हत्यारांवर गंजाचे ठिपके दिसू लागतात, लाकूड फुगतं. गॅरेजमध्ये आर्द्रता ५०-५५ टक्क्यांच्या आसपास हवी. ६० च्या वर सतत राहिली की उघडं लोखंड गंजायला लागतं. भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक लावून ठेवा.

हिशोब दोन मापांच्या मधोमध आला तर दमट हवेत लहान माप घ्या, कोरड्या आणि कडक उन्हाळ्यात मोठं. इन्व्हर्टर एसी, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा एसी, कमी वेगाने चालू राहू शकतो म्हणून त्याला थोडं जास्त माप खपतं, पण दुप्पट नाही.

६. विंडो, स्प्लिट की पोर्टेबल?

गॅरेजचा वापर रोजचा असेल तर स्प्लिट. भिंतीत अडीच-तीन इंचांचं एकच भोक लागतं, कॉम्प्रेसरचा आवाज बाहेर राहतो, आतलं युनिट उंचावर असल्याने गाडी-शिडी-फळ्यांना अडचण होत नाही आणि विजेचा खर्च तिघांत कमी. बसवायला जाणकार माणूस लागतो, एवढीच अडचण.

विंडो एसी कमी लेखू नका. खिडकी आहे, वापर आठवड्यातून दोनदा आहे, दुरुस्ती सोपी हवी आहे, तर तो अगदी योग्य आहे. गॅसची नळी जोडायची नाही म्हणून बसवण्यात चूक होण्याची शक्यताही कमी.

पोर्टेबल फक्त तेव्हाच, जेव्हा भाड्याच्या जागेत भिंतीला हात लावता येत नाही आणि खिडकीचं मापही बसत नाही. त्यातही दोन नळ्यांचा घ्या. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

७. पोर्टेबल एसीवर १४,००० बीटीयू लिहिलंय, तरी एक टनाच्या विंडोएवढंही गार होत नाही. खोटं लिहिलंय का?

खोटं नाही, मोजमाप वेगळं आहे. जुन्या पद्धतीच्या आकड्यात एक गोष्ट धरलीच जात नाही: एक नळीचा पोर्टेबल आतलीच गार केलेली हवा कॉम्प्रेसर गार करायला वापरतो आणि ती नळीतून बाहेर फेकतो. तेवढीच हवा फटींमधून बाहेरून आत येते.

तासाला ३०० घनमीटर हवा बाहेर गेली असं धरा. ४०० चौरस फूट आणि ९ फूट उंचीच्या गॅरेजमध्ये सुमारे १०० घनमीटर हवा असते. म्हणजे दर वीस मिनिटांनी गॅरेजभर नवी हवा. बाहेर ४० आणि आत २७ अंश असतील तर ही हवा सोबत १.३ किलोवॉट उष्णता आणते, ओलावा वेगळाच. वर ती जाड नळी स्वतः तापून आत उष्णता देत असते. म्हणून जुन्या पद्धतीचे १४,००० बीटीयू नव्या पद्धतीने मोजले की बरेचदा ८,००० ते १०,००० च भरतात. खोक्यावर दोन आकडे असतील तर लहान आकडा खरा धरा.

दोन नळ्यांचं यंत्र कॉम्प्रेसरसाठी हवा बाहेरूनच घेतं, त्यामुळे हा तोटा बराच कमी होतो. आधीच एक नळीचा असेल तर निदान नळी आखूड आणि सरळ ठेवा, तिच्यावर इन्सुलेशनचं आवरण चढवा. सोबत मिळालेल्या नळीला जोड देऊन ती लांबवू नका.

८. गॅरेजला खिडकीच नाही. विंडो एसी भिंतीत भोक पाडून बसवता येईल का?

एसीच्या कुशीवर बघा. बहुतेक विंडो एसींना मागच्या भागात दोन्ही बाजूंना झरोके असतात. कॉम्प्रेसरसाठी हवा तिथून आत जाते. असा एसी जाड भिंतीत खुपसला तर झरोके विटांमागे दडतात, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर तापून वारंवार बंद पडतो. झरोके पूर्णपणे भिंतीबाहेर येत असतील, खाली भक्कम लोखंडी आधार असेल आणि यंत्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं बसत असेल तर चालेल. नाहीतर भिंतीत बसवायचा वेगळा एसी मिळतो; तो हवा फक्त मागून घेतो आणि मागूनच सोडतो, शिवाय त्याची पत्र्याची पेटी वेगळी येते. कोणत्याही भिंतीला भोक पाडण्याआधी ती भार पेलणारी नाही ना, आत वायर किंवा पाण्याची नळी नाही ना, हे तपासा. आणि भोक पाडायचंच असेल तर स्प्लिटचं लहान भोक आम्हाला केव्हाही जास्त पटतं.

९. एसीची गरम बाजू माळ्यावर किंवा शेजारच्या स्टोअरमध्ये सोडली तर? आणि उलट, घरातल्या स्प्लिटचं बाहेरचं युनिट गॅरेजमध्ये ठेवलं तर?

दोन्ही नको. एक टनाचा एसी बाहेरच्या बाजूला साडेचार किलोवॉटच्या आसपास उष्णता टाकतो: आतून काढलेली साडेतीन आणि स्वतः खाल्लेली एक. बंद जागेत ती साठते, काही मिनिटांत तिथली हवा ५० च्या पुढे जाते आणि यंत्र सुरक्षेसाठी बंद पडतं. गरम बाजूला मोकळं आकाशच लागतं.

१०. घराचा सेंट्रल एसी आहे. त्याची एक डक्ट गॅरेजमध्ये काढली तर नवीन एसीच लागणार नाही.

हे करू नका. डक्टच्या वाटेने गाडीचा धूर, पेट्रोलची वाफ आणि आग लागली तर ज्वाळा थेट झोपण्याच्या खोल्यांपर्यंत जाऊ शकतात. याच कारणाने अनेक देशांच्या इमारत नियमांत गॅरेजमध्ये घराच्या डक्टचं तोंड उघडायला मनाई आहे. शिवाय सेंट्रल एसीचं माप घराच्या हिशोबाने ठरलेलं असतं. गॅरेजचा भार टाकला की घरही धड गार होत नाही. घर आणि गॅरेज यांच्यामधलं दार नीट मिटणारं आणि फटी नसलेलं असावं, एसी लावल्यावर तर नक्कीच.

११. एसी चालू असताना गाडी सुरू ठेवली तर एसी धूर बाहेर काढेल ना?

नाही, आणि हा गैरसमज जीवघेणा आहे. विंडो असो वा स्प्लिट, एसी आतलीच हवा फिरवत राहतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि एसीची जाळी तो अडवू शकत नाही. तुम्ही फटी बुजवून गॅरेज जितकं चांगलं केलं असेल तितका तो जास्त साठेल. दार उघडं ठेवूनही इंजिन आत चालवत ठेवू नका; गाडी सुरू करायची आणि लगेच बाहेर काढायची. इंजिन चालू ठेवूनच तपासणी करायची असेल तर गाडी बाहेर उभी करा. जनरेटर आणि कोळशाची शेगडी यांनाही हेच लागू. घर आणि गॅरेज यांच्यामधल्या दाराच्या घराकडच्या बाजूला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं काही जाणवलं तर आधी बाहेर पडा, मग कारण शोधा.

१२. गॅरेजमध्ये पेट्रोलचा कॅन, थिनर, रंग असतात. एसीमुळे पेट घेण्याचा धोका आहे का?

धोका आहे, आणि तो उंचीवर अवलंबून आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. म्हणून अनेक ठिकाणचे नियम सांगतात की गॅरेजमधली ठिणगी पाडू शकणारी उपकरणं जमिनीपासून किमान १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर वर असावीत. भिंतीवरचा स्प्लिट आणि खिडकीतला एसी हा नियम सहज पाळतात. जमिनीवर उभा असणारा पोर्टेबल पाळत नाही. इंधन साठवलेल्या गॅरेजमध्ये पोर्टेबल ठेवू नका.

एसीच्या आतल्या गॅसकडेही लक्ष द्या. आर-४१०ए पेट घेत नाही, आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आणि काही पोर्टेबलमध्ये असणारा आर-२९० हा तर प्रोपेनच. नीट बसवलेल्या यंत्रात तो बंदिस्त असतो, पण त्या यंत्राला किमान किती क्षेत्रफळाची जागा हवी हे पुस्तिकेत दिलेलं असतं; लहान गॅरेजमध्ये ते वाचूनच घ्या.

स्प्रे पेंटिंग करताना एसी बंद ठेवा आणि दार उघडा. रंगाचे कण कॉइलच्या पत्र्यांत जाऊन कायमचे चिकटतात.

१३. गॅसवर चालणारा गीझर किंवा बॉयलर गॅरेजमध्येच आहे. काही वेगळं बघावं लागेल का?

हो. असं उपकरण जळण्यासाठी गॅरेजमधलीच हवा घेत असेल आणि त्याचा धूर चिमणीतून आपोआप वर जात असेल, तर एक नळीचा पोर्टेबल तिथे अजिबात चालवू नका. प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे तो सतत हवा बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो, आणि चिमणीतला धूर उलटा खाली ओढला जाऊ शकतो. जोरदार एक्झॉस्ट फॅनचंही तसंच. फटी बुजवतानाही अशा उपकरणासाठी ठेवलेला झरोका बुजवू नका. बाहेरूनच हवा घेणारं, सीलबंद ज्वलनाचं उपकरण असेल तर ही अडचण येत नाही.

१४. वायरिंग वेगळं करावं लागेल का? गॅरेजमध्ये एक प्लग आहे.

वेगळी लाइन हवी. २३० व्होल्टवर एक टनाचा एसी साधारण ५-६ अँपिअर घेतो, दीड टनाचा ७-८. ११५-१२० व्होल्टच्या घरात हेच आकडे दुप्पट होतात. साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर याच्या चार ते सहा पट करंट ओढतो, आणि त्याच लाइनवर हवा भरायचा कॉम्प्रेसर किंवा वेल्डिंग मशिन असलं की एमसीबी (जादा करंटला लाइन आपोआप तोडणारा स्विच) पडतो.

वायरची जाडी इथे फार महत्त्वाची आहे, कारण गॅरेज मुख्य बोर्डापासून लांब असतं. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर लांब नेली, तर कॉम्प्रेसर सुरू होताना ४० अँपिअरला १९-२० व्होल्ट वायरमध्येच गळतात. मुळात व्होल्टेज २०० असेल तर एसीला १८० मिळतात, कॉम्प्रेसर नुसता घुं करतो आणि बंद होतो. एक टनाला किमान अडीच, दीड-दोन टनाला चार चौरस मिलिमीटरची वायर, सी प्रकारचा १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरं, तपासलेलं अर्थिंग. यापेक्षा जास्त पुस्तिकेत सांगितलं असेल तर तेच पाळा. एक्सटेन्शन बोर्डावर एसी कधीच नाही.

१५. इन्व्हर्टर एसीच घ्यावा का?

रोज चार-पाच तास वापर असेल तर घ्या. फक्त शनिवारी-रविवारी दोन तास चालवायचा असेल तर तेवढा फायदा दिसत नाही. ४० अंशांवरून २७ वर आणताना इन्व्हर्टर एसीही पूर्ण ताकदीनेच चालतो. बचत सुरू होते ती तापमान गाठल्यावर, आणि तोवर तुमचं काम संपत आलेलं असतं. एक कारण मात्र वापर कमी असला तरी इन्व्हर्टरच्या बाजूने आहे: तो हळूहळू वेग घेतो, सुरुवातीचा करंटचा झटका नसतो. लाइन कमजोर असेल तर हे मोलाचं आहे.

१६. आमच्याकडे दुपारी ४५ च्या पुढे जातं. लिहिलेली क्षमता तेव्हाही मिळते का?

नाही. एसीचा आकडा बहुधा बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. ४५-४६ ला क्षमता दहाव्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटते आणि वीज मात्र जास्त लागते. ४६ अंशांवरची क्षमता वेगळी दिली असेल, ज्याला टी-३ वर्ग म्हणतात, ती पाहून निवड करा. बाहेरच्या युनिटला सावली द्या, पण समोर निदान मीटरभर मोकळं ठेवा. जाळीच्या कोंदट पेटीत ठेवलं तर ते आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं.

१७. आतलं युनिट नेमकं कुठे लावावं? आणि पाण्याचं काय?

दाराच्या समोरच्या भिंतीवर, पण झोत थेट दारावर जाणार नाही असं. लांबीच्या भिंतीवर माणूस जिथे उभा राहतो त्या बाजूला अधिक चांगलं. भोक पाडण्याआधी दार पूर्ण उघडून बघा. वर सरकणारं दार उघडल्यावर छताखाली आडवं येतं आणि युनिटचं तोंड झाकतं, शिवाय गाडीचं मागचं दार वर उघडलं की ते युनिटला लागतं. हे दोन अडथळे कागदावर दिसत नाहीत.

नळ्यांची लांबी ३ मीटरपेक्षा कमी ठेवली तर आवाज आणि थरथर वाढते. यंत्रासोबत भरून आलेला गॅस साधारण ५ ते ७.५ मीटरपर्यंत पुरतो, पुढच्या प्रत्येक मीटरला पुस्तिकेत दिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरावे लागतात. जोडणीनंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओलावा काढलाच पाहिजे. थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणणाऱ्याला थांबवा. आत राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरचं तेल खराब करतो.

ड्रेन पाइपला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार हवा, मध्ये झोळ नको. झोळात चिखल आणि भुसा साचतो, आणि मग पाणी भिंतीवरून वीजजोडणीकडे येतं. बाहेरच्या टोकाला बारीक जाळी लावा, नाहीतर किडे घर करतात.

१८. सुतारकाम करतो. भुशाने एसी खराब होईल का?

जाळी साफ केली नाही तर एका मोसमातच. बारीक भुसा आधी जाळीवर बसतो, मग जाळीच्या कडेने आत शिरून ओल्या कॉइलवर लापशीसारखा चिकटतो. हवा कमी होते, कॉइलवर बर्फ धरतो, पाणी टपकू लागतं. करवतीला आणि सँडरला धूळ ओढणारं यंत्र जोडा, युनिट त्यांच्यापासून दूर लावा, सँडिंग चालू असताना एसी बंद ठेवा. जाळी कामाच्या दिवसांत दर आठवड्याला, एरवी दर पंधरा दिवसांनी धुवा.

कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे वाफा. पोहण्याच्या तलावाचं क्लोरीन, आम्ल, काही डिंक आणि सॉल्व्हंट यांच्या वाफा तांब्याच्या नळीला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतात आणि गॅस दरवर्षी ‘उडतो’. अशी रसायनं घट्ट झाकून, शक्यतो गॅरेजबाहेर ठेवा, आणि गंजरोधक लेप दिलेली कॉइल मिळत असेल तर ती घ्या.

१९. एसीऐवजी एअर कूलर चालेल का?

हवा कोरडी असेल आणि दार किंवा खिडकी उघडी ठेवता येत असेल तर चालेल, विजेचा खर्चही फार कमी. दमट हवेत उपयोग नाही. हत्यारं, लाकूड, पुस्तकं किंवा जुनी गाडी जपायची असेल तर कोरड्या हवेतही नको, कारण तो दिवसभर पाणीच हवेत सोडतो.

२०. इलेक्ट्रिक गाडी गॅरेजमध्येच चार्ज होते. त्याची उष्णता धरायची का?

धरा. ७ किलोवॉटने चार्ज होत असताना साधारण दहावा हिस्सा उष्णता होऊन गॅरेजमध्येच राहतो: ७०० वॉट, म्हणजे २,४०० बीटीयू. चार्जिंग रात्री लावलं तर एसीच्या हिशोबात ते येतच नाही. दिवसाच करायचं असेल तर वीजजोडणी चार्जर आणि एसी दोन्ही एकत्र पेलते का, हे आधी वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

२१. थंडीतही व्यायाम करताना गरम होतं. तेव्हा एसी लावला तर बर्फ धरतो. का?

बाहेर १६-१८ अंशांखाली गेलं की साध्या एसीमधला दाब गरजेपेक्षा खाली जातो आणि आतल्या कॉइलवर बर्फ जमतो. एसी चुकीच्या हवेत वापरला जातोय, बिघडलेला नाही. अशा दिवसांत बाहेरची हवा फुकट गार आहे. एक्झॉस्ट फॅन लावा, पण प्रश्न १३ मधली अडचण नाही ना हे बघून. थंडीत गॅरेज गरमही करायचं असेल तर थंड-गरम दोन्ही करणारा स्प्लिट घ्या आणि तो बाहेरच्या किती अंशांपर्यंत चालतो हे पुस्तिकेत पाहा.

२२. मला दार अर्धं उघडं ठेवूनच काम करावं लागतं. मग कोणता एसी?

कोणताच गॅरेज गार करणार नाही. तुम्ही जिथे उभे राहता तेवढीच जागा गार करायची असेल तर टेबलाच्या मागे भिंतीवर एक टनाचा स्प्लिट लावा, झोत छाती-खांद्यांवर येईल असा वळवा, आणि दारापासून टेबल वेगळं करणारा पारदर्शक पट्ट्यांचा जाड पडदा छतापासून जमिनीपर्यंत लावा. गाडीची बाजू पडद्याबाहेर राहते, हिशोब फक्त आतल्या चौरस फुटांचा धरायचा. पडदा नसेल तर एसीपेक्षा मोठा पंखा जास्त कामाचा. हवेचा जोरदार झोत अंगावर आला की तीन-चार अंश कमी वाटतं, दार उघडं असो वा बंद.